मैदानालाही ‘ब्लॉक’ हवा

(यंदाच्या गणेशोत्सवात तिसऱ्या दिवशी सायंकाळी केलेले भाषण)



मी डिप्लोमा झालेला, रुळांवर काम करणारा माणूस. शहरे कशी वसवावीत हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. पण आपल्या कॉलनीच्या मैदानावर सगळीकडे सिमेंटच्या फरश्या बसवाव्यात, असा प्रस्ताव मंडळापुढे आहे. त्यावर दोन शब्द बोलल्यावाचून राहवत नाही.

मी २००३ साली कोलकात्याला आलो. पहिल्याच हिवाळ्यात ऑफिसातले बंगाली सहकारी मला पुस्तक मेळ्याला घेऊन गेले. १९७६ साली सुरू झालेला हा मेळा तेव्हा शहराच्या मधोमध, मैदानावर भरायचा. काय ती माणसे, काय तो उत्साह! पुस्तकांच्या दुकानापुढे रांग लागते, हे मी तिथे पाहिले. आणि घरी आलो तो नाकातोंडात धूळ घेऊनच.

हे मैदान कसे झाले? १७५७ च्या प्लासीच्या लढाईनंतर इंग्रजांनी नवा किल्ला बांधायला घेतला आणि तोफांचा मारा अडू नये म्हणून भोवतालची जागा मोकळी केली. तोफांसाठी राखलेली ही जागा आज शहराला श्वास देते. पर्यावरणप्रेमी न्यायालयात गेले आणि २००७ साली उच्च न्यायालयाने मेळ्याला तिथे मनाई केली. ‘आता मेळा संपला,’ म्हणून आमचे मित्र हळहळले. पण मेळा संपला नाही. साल्ट लेक स्टेडियम, मग मिलन मेळा आणि २०१८ पासून साल्ट लेकचे सेंट्रल पार्क, असा त्याचा प्रवास झाला. २०२० साली जवळच करुणामयी मेट्रो स्टेशन सुरू झाले आणि जाणे-येणेही सोपे झाले.

मोठ्या शहराला दुसरी जागा सापडली. आपल्या कॉलनीत मात्र मैदान एकच. गणपती तिथेच, दुर्गापूजा तिथेच, ऑर्केस्ट्रा, आनंदमेळा आणि मुलांचा फुटबॉलही तिथेच.

आता एक कबुली देतो. तीन वर्षांपूर्वी खुर्च्या डगमगू नयेत म्हणून उत्सवाआधी मैदानावर रोलर मीच फिरवायला लावला होता. रुळाखालचा भराव आम्ही थराथराने दाबतो, कारण तिथे पाणी मुरायला नको असते. गवताला आणि झाडाला नेमके उलटे हवे असते. दाबलेल्या मातीत ना हवा राहते, ना पाणी मुरते. त्या पावसाळ्यात मैदानात तळे साचले. गवत गेले, मुलांचा खेळ बंद पडला आणि मंडपाजवळच्या शिरीषाची एक बाजू वाळली. जे रुळाला चांगले, ते मैदानाला वाईट, एवढे साधे गणित मी विसरलो होतो.

म्हणून उत्सव बंद करा, असे मी म्हणणार नाही. परमुलखात आपण चार मराठी घरे एकत्र येतो ती याच मंडपात. पण रेल्वेचा एक नियम इथे लावू या. गाड्या कितीही असोत, रुळाच्या देखभालीसाठी ब्लॉक द्यावाच लागतो. ब्लॉक नाही दिला तर पुढे वेगमर्यादा लागते आणि सगळ्याच गाड्या रखडतात. मैदानाचेही तसेच आहे.

माझ्या सूचना चार. फरशी फक्त रस्त्यालगतच्या एक तृतीयांश भागात घालावी आणि मंडप दरवर्षी तिथेच उभारावा. फरश्यांमध्ये फटी ठेवाव्यात आणि झाडांच्या बुंध्याभोवतीची माती उघडीच असू द्यावी. सामानाचे ट्रक गवतावर आणू नयेत. आणि कालीपूजा झाली की सरस्वतीपूजेपर्यंत मैदानाला ब्लॉक: माती मोकळी करायची, दहा दिवसांच्या निर्माल्याचे खत घालायचे, पाणी द्यायचे. त्या काळात कोणाचाही कार्यक्रम नाही, आपलासुद्धा नाही.

बाप्पा मातीतून येतो आणि मातीत जातो. ती माती जिवंत ठेवणे हाही उत्सवाचाच भाग आहे. रविवारच्या सभेत फरशीचा निर्णय होणार आहे. हात वर करण्याआधी त्या शिरीषाखाली एकदा उभे राहून वर पाहा, एवढीच विनंती.

गणपती बाप्पा मोरया!