भांडुप ते न्यू जर्सी : किती तास?
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



सकाळपासून प्रत्येकजण मला एकच प्रश्न विचारतोय, "काय रे, यायला किती तास लागले?" त्याचं उत्तर सगळ्यांना एकदमच देतो.

मुंबई ते न्यूअर्क विमानतळ हे अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर. भिंतीवरच्या नकाशात पाहिलं तर वाटतं, विमान अरबस्तान आणि आफ्रिकेवरून जात असेल. पण भूगोलाच्या तासाला असायचा तसा पृथ्वीगोल घ्या आणि त्यावर दोरा ताणून धरा. दोरा रशिया, नॉर्वे, आइसलंडकडून जातो. सगळ्यात जवळची वाट तीच.

भांडुप-दादर लोकलला जाताना-येताना सारखाच वेळ लागतो. विमानाचं तसं नाही. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. त्यामुळे थेट विमानाला तिकडे जाताना सुमारे सोळा तास लागतात, तर इकडे येताना चौदा. त्यात एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानची हवाई हद्द आपल्या विमानांना बंद झाली, म्हणजे भारतीय कंपन्यांच्या विमानांना वळसा आलाच. तरी १९६० साली एअर इंडियाची न्यूयॉर्क सेवा सुरू झाली, तेव्हा बोइंग ७०७ला लंडनला थांबावं लागे. त्या मानाने आपण सुखी.

पण मंडळी, हे झाले विमानाचे तास. घरापासून घरापर्यंतचे तास वेगळे.

मागच्या पावसाळ्यात माझे बाबा घरात पाय घसरून पडले. इथे रात्रीचे अकरा, तिथे दुपारचे दीड. त्या दिवशीचं थेट विमान गेलेलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारचं मिळालं आणि तिसऱ्या दिवशी दुपारी मी सहारला उतरलो. तिथून जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याच्या गर्दीतून रुग्णालयात पोहोचलो, तेव्हा ऑपरेशन होऊन बाबा चहा पीत होते. टेंभीपाड्यात राहणारा आपलाच एक वर्गमित्र फोन झाल्यावर वीस मिनिटांत रिक्षा घेऊन घरी गेला होता. भरतीच्या कागदांवर सही त्याची, बाहेरच्या बाकावर रात्रभर तोच. माझे चाळीस तास आणि त्याची वीस मिनिटं, या दोन आकड्यांमध्ये माझे बाबा वाचले.

आपल्या वर्गातले बरेच जण आज बाहेरगावी, परदेशी आहेत. आई-वडील मात्र इथेच, कोकणनगरात, जंगल-मंगल रोडला, स्टेशनजवळच्या जुन्या इमारतींत. विमानाचा वेग काही आपल्या हातात नाही. म्हणून एक विनंती. जेवणानंतर एक वही फिरवू. परदेशी असलेल्याने आई-वडिलांचा पत्ता, औषधं आणि डॉक्टरांचा फोन लिहावा. पुढे जवळ राहणाऱ्या दोघांनी आपापली नावं घालावीत. आमच्या शिक्षकांसाठीही एक पान ठेवू. आणि खर्चाचा भार बाहेर राहणाऱ्यांनी उचलायचा, इथल्यांनी फक्त धावून जायचं.

पहिलं नाव मी लिहितो.