नाण्यावरचा न्याय



चलनाचा प्रश्न म्हणजे केवळ धातूचा व ठशाचा प्रश्न, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. अमेरिकेत १७८३ साली पाडलेली नमुन्याची काही नाणी या समजाला चांगलाच छेद देतात.

स्वातंत्र्ययुद्ध संपत आले होते. परंतु एकाच स्पॅनिश डॉलरचे न्यूयॉर्कात आठ, व्हर्जिनियात सहा, तर जॉर्जियात पाच शिलिंग होत. अर्थखात्याचे प्रमुख रॉबर्ट मॉरिस व त्यांचे सहायक गव्हर्नर मॉरिस यांनी डॉलरचा १४४० वा भाग हे मूळ परिमाण सुचविले. त्यात बहुतेक राज्यांचे हिशेब अपूर्णांकाशिवाय बसत. त्याप्रमाणे बेंजामिन डडली या कारागिराने हजार, पाचशे व शंभर परिमाणांची चांदीची नाणी घडविली. एका बाजूस तेरा ताऱ्यांमधला डोळा, दुसऱ्या बाजूस लॅटिन भाषेत ‘स्वातंत्र्य’ आणि ‘न्याय’.

हिशेबनिसाच्या दृष्टीने योजना निर्दोष होती. पण १७८४ मध्ये जेफर्सन यांनी दाखवून दिले की, या पद्धतीत पावाची किंमत ७२ आणि घोड्याची १,१५,२०० परिमाणे होईल. बाजारात जाणाऱ्या सामान्य माणसाला न पेलणारे गणित राष्ट्राचे चलन कसे होणार?

याहून मोठी अडचण रिकाम्या तिजोरीची होती. काँग्रेसला कर बसविण्याचा अधिकारच नव्हता. ज्या वर्षी ही नाणी पाडली गेली, त्याच वर्षी जूनमध्ये थकलेल्या पगारासाठी सैनिकांनी फिलाडेल्फियातील सभागृहाला वेढा घातला. पगाराऐवजी मिळालेले रोखे अनेकांनी गरजेपोटी कवडीमोलाने विकले. १७९० मध्ये सरकारने कर्जफेडीची हमी घेतली, तेव्हा मूळ धारकांनाही वाटा द्यावा ही मॅडिसन यांची सूचना फेटाळली गेली. लाभ झाला तो सट्टेबाजांचा.

आज त्या नाण्यांपैकी मोजकीच उरली आहेत आणि ती संग्राहकांचे धन झाली आहेत. चांदीवर ‘न्याय’ कोरणे कारागिराच्या हाती असते. तो व्यवहारात उतरणे मात्र कर कोणावर बसतो, कर्ज कोणाला फेडले जाते आणि हे ठरविताना श्रमिकाला मत असते की नाही, यांवर अवलंबून असते. चलनाच्या कोणत्याही नव्या योजनेला कार्यकर्त्यांनी आधी हेच प्रश्न विचारावेत.