झाडण्याची पाळी



संयोजकांनी मला विषय दिला आहे, 'परदेशातील शिक्षणाचे माझे अनुभव'. आपल्या १९९९च्या बॅचमधल्या चार-पाच जणांची मुलं आता बाहेर शिकायला निघाली आहेत, तेव्हा त्यांच्या उपयोगाचं काही सांग, असंही बजावलं आहे. विद्यापीठ, फी, व्हिसा यांची माहिती मुलांना आपल्यापेक्षा जास्त असते. म्हणून मी तिथल्या एका स्वयंपाकघराबद्दल बोलणार आहे.

ऑक्टोबर २००६मध्ये मी जर्मनीत आखेनला पोचलो. शहर अगदी पश्चिम टोकाला, नेदरलँड्स आणि बेल्जियमच्या सीमेला लागून. तिथे शार्लमेन बादशहाने बांधलेलं बाराशे वर्षांपूर्वीचं कॅथेड्रल आहे. युनेस्कोने १९७८ साली जागतिक वारशाची पहिली यादी काढली, तेव्हा त्यात ते होतं. इतिहासाच्या सरांना ऐकून बरं वाटेल, पण सर, खरं सांगतो, पहिले दोन महिने मी ते आतून पाहिलंच नाही.

मला विद्यार्थी वसतिगृहात खोली मिळाली. एका मजल्यावर बारा खोल्या आणि बाराजणांत एक स्वयंपाकघर. मेस नाही, मावशी नाहीत. फ्रिजमध्ये प्रत्येकाचा एक कप्पा. रात्री दहानंतर शांतता. रविवारी दुकानं बंद, हे पहिल्याच रविवारी उपाशी राहून शिकलो. कचऱ्याचे कागद, वेष्टनं, ओला आणि उरलेला असे वेगळे डबे. काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या मोठ्या पेटीत, त्याही रंगाप्रमाणे, आणि आवाज होतो म्हणून रविवारी टाकायच्या नाहीत. पाण्याची प्लास्टिकची बाटली दुकानात परत दिली की २५ सेंट मिळत. मी त्या जपून ठेवायचो. ओल्या कचऱ्याकडे मात्र माझं तेवढं लक्ष नव्हतं.

स्वयंपाकघराच्या दारावर एक तक्ता होता. त्याला म्हणतात 'पुट्सप्लान', म्हणजे सफाईच्या पाळ्या. दर आठवड्याला दोन खोल्यांची पाळी. ओटा, शेगडी, लादी, सिंक साफ करायचं, कचरा खाली न्यायचा आणि तक्त्यावर सही करायची.

माझी पहिली पाळी आली. मी आत जाऊन पाहिलं, मला सगळं स्वच्छच दिसलं. सही केली. दुसऱ्या पाळीला मी कोलोनला फिरायला गेलो आणि आल्यावर सही केली. तिसऱ्या वेळी परीक्षा जवळ आली होती. सही तेव्हाही केली.

मग सगळ्यांची बैठक झाली. शेजारच्या खोलीतली जर्मन मुलगी सर्वांसमोर मला म्हणाली, "तू तीनदा सही केलीस. काम एकदाही केलं नाहीस. का?" आवाज चढलेला नाही, टोमणा नाही. मी म्हटलं, अभ्यास होता. ती म्हणाली, "इथे सगळ्यांनाच अभ्यास आहे."

मला भयंकर अपमान वाटला. रात्री घरी फोन लावला आणि आईला सांगितलं, की ही माणसं फार कोरडी आहेत. आईने विचारलं, "काम केलं होतंस का?" म्हटलं, नाही. "मग?" म्हणाली आणि पुढे कराडला थंडी किती पडलीय ते सांगायला लागली.

पुढच्या शनिवारी मी बादली घेऊन उभा राहिलो. खोटं वाटेल, पण चोविसाव्या वर्षी मला लादी पुसता येत नव्हती. मी आधी लादी पुसली आणि मग ओट्यावरचा कचरा तिच्यावर पाडला. कॅमेरूनचा एक मुलगा चहा करत होता, तो पोटभर हसला. मग त्यानेच शिकवलं. आधी वरचं, मग खालचं. शेगडीवर गरम साबणपाणी टाकून ठेवायचं, तोवर सिंक घासायचं. लादी आतल्या कोपऱ्यातून दाराकडे पुसत यायचं. दीड तास लागला.

टेबलाखाली गुडघे टेकून पुसत असताना मला आपला वर्ग आठवला. शनिवारची सकाळची शाळा सुटली की बाकाप्रमाणे झाडण्याची पाळी असायची. पाणी शिंपडायचं, झाडायचं, फळा ओल्या फडक्याने पुसायचा. आमच्या बाकाच्या पाळीला मी एकदाही झाडू हातात धरला नाही. माझ्या शेजारी बसणारा मित्र दोघांचं काम करायचा आणि मी त्याला गणिताची वही द्यायचो, उतरवून घ्यायला. आठवीपासून दहावीपर्यंत आमचा हा व्यवहार चालला. बाईंना दोघांचा गृहपाठ पूर्ण दिसायचा आणि वर्गही स्वच्छ दिसायचा. म्हणजे खोट्या सह्या मी आखेनला शिकलो नव्हतो, जाताना इथूनच घेऊन गेलो होतो.

दहावीला तो गणितात गेला. ऑक्टोबरला सुटला, पण वर्ष गेलं. तेव्हा मला त्याचं वाईट वाटलं होतं, पण त्यात माझा काही भाग असेल, हे त्या टेबलाखाली बसेपर्यंत डोक्यात आलं नव्हतं. त्याला पत्र लिहायचं ठरवलं. अठरा वर्षांत लिहिलं नाही.

तो आज इथे बसला आहे. नाव घेणार नाही, ओळखायचं ते ओळखतील. काल एसटी स्टँडसमोर चहा घेताना मी त्याला हे सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मला वाटायचं, तुला झाडू धरायला कमीपणा वाटतो." मी म्हटलं, "वाटायचा." तो म्हणाला, "मग उद्या तेवढं सांग. बाकी गणित मला तसंही जड जायचं." मित्रा, सांगितलं.

आता ज्यांची मुलं निघाली आहेत, त्यांच्यासाठी. बॅगेत लोणचं, मेतकूट द्या, पण त्याआधी दोन महिने घरातला संडास-बाथरूम त्यांना धुऊ द्या. मुलगा असेल तर तीन महिने. थंडीतसुद्धा दिवसातून दोन-तीनदा खिडकी पूर्ण उघडून पाच-दहा मिनिटं खोलीत हवा खेळवायची असते आणि बंद खोलीत ओले कपडे वाळत घातले तर भिंतीला बुरशी धरते, हे सांगून ठेवा. कोणी तोंडावर चूक दाखवली तर त्याला वैरी समजू नका, हेही सांगा. ती जर्मन मुलगी पुढे दोन वर्षं माझ्या मराठी इंग्रजीतले निबंध तपासून देत होती.

शेवटी एक सूचना. जेवणानंतर हा हॉल झाडायचा आहे. शिपाईमामांना मी सांगून ठेवलंय, आज तुम्ही थांबू नका. मी दोन झाडू आणले आहेत. एक माझा. दुसरा कोणी घ्यायचा ते तुम्ही ठरवा, फक्त माझ्या बाकावरच्या मित्राने घ्यायचा नाही. त्याच्या पाळ्या केव्हाच पूर्ण झाल्या आहेत.