भाची बसेना, ॲप ऐकेना

मुरबाडवरून बोलतोय. मागे पावसाचा आवाज येत असेल तर सांभाळून घ्या, आमच्याकडे वर पत्रा आहे.

आजचा विषय कोडिंग नाही. आजचा विषय आहे बूड. म्हणजे लहान बाळ बूड टेकून, कुणाच्या आधाराशिवाय बसायला कधी लागतं. हसू नका, गेल्या महिन्यात या एका प्रश्नावरून आमच्या घरात दोन दिवस कुणी धड जेवलं नव्हतं.

झालं असं, की लावणीच्या दिवसांत ताई माहेरी आली होती, सात महिन्यांच्या लेकीला घेऊन. तिच्या मोबाईलमध्ये बाळाच्या वाढीचं एक ॲप. मीच टाकून दिलं होतं. त्यात प्रश्न आला, 'बाळ आधाराशिवाय बसतं का?' ताईनं 'नाही' दाबलं आणि स्क्रीनवर लाल खूण आली. त्यात सासरहून व्हिडिओ कॉल, "अगं, जावेचा तर साडेपाच महिन्यांत बसला होता." ताई कॉलवर हसली. रात्री मोरीत जाऊन रडली.

आणि मी काय केलं? वॉकर मागवला. बीटेक माणूस, प्रॉब्लेम दिसला की आधी काहीतरी ऑर्डर करतो.

वॉकर यायच्या आधी आशाताई आल्या. त्यांनी भाचीला गोधडीवर पालथं घातलं, समोर वाटी वाजवली. मान वर, छाती वर, वाटीकडे हात. मग बसवलं, तर ती दोन्ही हात पुढे टेकून बेडकासारखी बसली आणि थोड्या वेळानं बाजूला कलंडली. आशाताई म्हणाल्या, "बसतेय की! हात सुटायचे बाकी आहेत." मग त्यांनी माता-बाल संरक्षण कार्ड मागितलं आणि एका तारखेवर बोट ठेवलं. प्रसूतीची अपेक्षित तारीख जानेवारीतली. भाची झाली डिसेंबरमध्ये. एक महिना आधी.

आता माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. ॲपनं फक्त जन्मतारीख विचारली होती! पोर महिनाभर लवकर आलं असेल तर तो महिना वजा करून वय मोजायचं असतं, साधारण दोन वर्षांचं होईपर्यंत. म्हणजे भाची या हिशेबात सहाच महिन्यांची. डेटा चुकीचा नव्हता, इनपुट अपुरा होता.

दुसरा घोळ त्याहून मोठा. कुणीतरी 'सहा महिने' अशी एक रेघ मारून इफ-एल्स लिहून ठेवलंय. ही सहाची रेघ आली कुठून, ते शोधलं. जागतिक आरोग्य संघटनेनं भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या 816 बाळांच्या हालचाली पाहिल्या आणि 2006 मध्ये आकडे छापले. आधाराशिवाय बसण्याची सरासरी 6 महिने. पण पल्ला? 3.8 ते 9.2 महिने! सरासरी म्हणजे डेडलाईन नव्हे ना. निम्मी बाळं साधारण त्याच्यानंतरच बसणार. आणि ही सगळी बाळं पूर्ण दिवसांची होती, हेही लक्षात ठेवा.

त्यांची 'बसणं'ची व्याख्या मला फार आवडली. पाठ सरळ, मान ताठ, हाताचा टेकू नाही, आणि हे किमान 10 सेकंद. बस्स.

हे वरून खाली उतरत येतं. आधी मान धरते, मग पाठ, मग कंबर. सुरुवातीला हात म्हणजे पुढची दोन चाकं. हळूहळू बाळ डुलतं, कलतं, सावरतं आणि त्यातूनच तोल शिकतं. म्हणून चारी बाजूंनी लोड-उशा ठासून बसवलेलं बाळ फोटोत छान दिसतं, पण त्याला सावरायला काही उरतच नाही. एखादा हात लावून शेजारी बसा, पुरे. आणि आपण बसवल्यावर बसणं वेगळं, झोपलेल्या बाळानं स्वतः उठून बसणं वेगळं. ते नंतर येतं.

जागं असताना पालथं घालणं, हा खरा व्यायाम. दिवसभरात मिळून अर्धा तास तरी, तुकड्यातुकड्यानं, आणि कुणीतरी समोर हवं. शेतावर झोळीला पर्याय नसतो हे मला माहीत आहे, मीही बांधावरच्या झोळीतच वाढलो. झोळी वाईट नाही. फक्त घरी आल्यावर गोधडीवर मोकळं सोडा. समोर वाटी चालेल, पळी चालेल. मोबाईल नको, एक वर्षापर्यंत तर अजिबातच नको. हो, मी मोबाईलवरच सांगतोय, मला कळतंय.

वॉकर परत केला. त्यात बाळ बसायलाही शिकत नाही, चालायलाही नाही, आणि उंबऱ्यावरून पालथं होतं ते वेगळं. कॅनडात तर 2004 पासून वॉकर विकायलाच बंदी आहे.

पण "होईल गं, मुलं बसतात आपोआप" असं म्हणून गप्पही बसू नका. चार महिने उलटूनही मान धरत नसेल, अंग फार ढिलं किंवा फार ताठ वाटत असेल, एकच हात वापरत असेल, येत असलेली गोष्ट करायची थांबली असेल, किंवा नऊ महिने झाले तरी बसत नसेल, तर सरळ डॉक्टरकडे. आशाताई 3, 6, 9, 12 आणि 15 व्या महिन्यात घरी येतात, तेव्हा लाजू नका, विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते, तपासणी आणि पुढचे उपचार मोफत. पण शंका असेल तर टीमची वाट बघत बसू नका.

भाचीचं सांगायचं राहिलं. मागच्या रविवारी आजी भाकऱ्या करत होती. भाची शेजारी गोधडीवर. तिनं पळी उचलली. आधी एका हातानं, मग दोन्ही हातांनी. ताई ओरडली, "अरे, हात सुटले!" मी मोबाईलवर स्टॉपवॉच लावलं. 14 सेकंद. मग पळीसकट आजीच्या मांडीवर.

ॲपमध्ये 'हो' दाबायला गेलो, तर ताईनं ते आधीच डिलीट केलं होतं.