गेरू टिकतो, हळद उडते

बेंदराला बैलांची शिंगं आपण कशानं रंगवायचो? हुरमुंजीनं. ती लाल माती पूर्वी इराणजवळच्या होर्मुझ बेटावरून यायची, म्हणून हे नाव. सारवलेल्या भिंतीला चुन्याचा पट्टा, नागपंचमीला भिंतीवर नागोबा. रंगाचं दुकान नव्हतं तेव्हाही घरात रंग होते. आता बरेच गट याच रंगांनी कागदावर, कापडावर चित्रं काढून विकायचं म्हणतात. त्यांच्याशी आज चार गोष्टी बोलायच्या आहेत.

सगळ्यात भरवशाचा रंग मातीचा. पाचगणी-महाबळेश्वराकडची माती लाल दिसते ती तिच्यातल्या लोखंडामुळं. गंजच म्हणा ना! जे आधीच गंजलंय त्याला ऊन काय करणार? अजिंठ्याच्या चित्रांतले तांबडे-पिवळे रंग असेच मातीचे, आणि ती दीड हजार वर्षांपूर्वीची आहेत. पण माती आणायला कासच्या पठारावर जाऊ नका, ते राखलेलं आहे. कुणाच्या पायाचं, विहिरीचं खोदकाम चालू असेल तिथं मालकाला विचारून पाटीभर आणा.

ढेकळं कुटा, बादलीत पाण्यात कालवा. क्षणभर थांबलात की वाळू खाली बसते. वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओता आणि रात्रभर हलवू नका. सकाळी निवळ पाणी काढून टाका. तळाशी लोण्यासारखा गाळ राहतो, तोच आपला रंग. वाळवून वस्त्रगाळ करा, डब्यात भरा.

चित्र काढताना त्यात बाभळीचा डिंक हवा. रात्री भिजवा, सकाळी फडक्यातून गाळा. किती घालायचा ते बोट सांगतं. वाळलेला रंग बोटाला लागला तर डिंक कमी पडला, रंगाला भेगा गेल्या तर जास्त झाला.

आता हळद. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्याला तिचा अभिमान आहेच. तिच्यात चुन्याची निवळी घातली की ती लाल होते, वर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी. मुलींना दाखवा, डोळे मोठे करून बघतात! पण चित्रासाठी माझं मत स्पष्ट आहे : हळदीवर विसंबू नका. उन्हात ती उडते. गिऱ्हाइकानं पैसे मोजून नेलेलं चित्र भिंतीवर टांगलं आणि पिवळा भाग पांढुरका पडला, तर ते परत येणार नाही, आणि चार जणांना सांगेल ते वेगळंच. पिवळ्यासाठी पिवळी माती घ्या. कुठलाही नवा रंग आधी पारखा. कागदावर पट्टा ओढा, अर्धा पुठ्ठ्यानं झाका आणि पंधरा दिवस उन्हाच्या खिडकीत ठेवा. पुठ्ठा काढला की खरं काय ते कळतं.

काळा सोपा आहे. दिव्यावर पालथी वाटी धरून काजळी जमवा.

आणि एक धोक्याची गोष्ट. खाणीतून किंवा जुन्या चित्रांतून आलेला रंग म्हणजे निर्धोक, असं समजू नका. जुने चितारी हरताळ वापरत, त्यात सोमल असतो. हिंगुळात पारा, शेंदरात शिसं. हे तिन्ही रंग घरात खलायचे नाहीत, लेकरं रांगत असतील तिथं तर मुळीच नाही. माती कुटतानाही नाकाला पदर बांधा.

काय काढायचं, हा प्रश्न उरतोच. मेळ्यात वारलीला मागणी दिसते म्हणून सगळे वारली काढतात. ती कला पालघरकडच्या वारली लोकांची. तिथं लग्नाचा चौक लिहायच्या त्या बायाच. पुढं जिव्या सोमा म्हसे यांनी ती कागदावर आणली, त्यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. त्यांचं त्यांच्याकडं राहू दे. आपल्याकडं बेंदूर आहे, शिराळ्याची नागपंचमी आहे, कृष्णेचे घाट आहेत, माणदेशातली मेंढरं आहेत. वाईला बाजाराला गेलात तर मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडाही बघून या, भिंतींवर जुनी चित्रं अजून आहेत.

चित्राच्या मागं एक चिठ्ठी लावा : रंग कोणते, माती कुठल्या गावची, उन्हात ठेवायचं की नाही. आणि काढणारीचं नाव. गटाच्या नावाखाली तिचं स्वतःचं, पूर्ण.