विंचूदंश : मतभेद आणि कसोटी



रायगडच्या कोकणपट्टीत लाल विंचवाचा दंश पूर्वी अनेकदा प्राणघातक ठरत असे. हृदयावर होणाऱ्या या आघातावर उपचार कोणता, याविषयी वैद्यकात एकमत नव्हते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला व १९८६ साली तो ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. प्रतिविषाचा पुरस्कार करणारेही होतेच.

हा वाद शब्दांनी नव्हे, कसोटीने सुटला. बावस्कर दांपत्याने स्वतःच ७० रुग्णांवर चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. दहा तासांत केवळ प्राझोसिनने ३५ पैकी ८ रुग्ण पूर्ण बरे झाले. प्रतिविषाची जोड मिळताच ३२.

आपले मत तपासून पाहण्यात कमीपणा नाही. मात्र तज्ज्ञांच्या मतभेदाचे निमित्त करून मंत्रतंत्रात वेळ दवडू नये. दंश होताच रुग्णास आरोग्य केंद्रात न्यावे.