शिक्रा : आपल्या निंबावरचा शेजारी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाच्या अंगणातील कडुनिंबावर यंदा शिक्र्याच्या जोडीने घरटे केले आहे. हा पक्षी कोंबडीची पिले पळवितो व चिमण्यांना जगू देत नाही, तेव्हा घरटे पाडावे, असे काही भगिनींचे म्हणणे आहे. निर्णय करण्यापूर्वी या शेजाऱ्याची नीट ओळख व्हावी, एवढ्यासाठी मी उभी आहे.

शिक्रा घारीहून पुष्कळ लहान, पारव्याएवढा असतो. नराची पाठ निळसर राखी, छातीवर तांबूस आडव्या रेघा आणि डोळे लाल. मादी नराहून मोठी. पंख आखूड व गोलसर, शेपटी लांब व पट्टेरी. म्हणून तो फांद्यांमधून सहज वळणे घेतो. पानांच्या आडोशाला गुपचूप बसावे आणि भक्ष्य दिसताच झेप घ्यावी, ही त्याची रीत.

सरडे, पाली, उंदीर, बेडूक, टोळ आणि लहान पक्षी हे त्याचे अन्न. एखादे वेळी कोंबडीचे पिलूही तो उचलतो, हे मी नाकारीत नाही. त्यासाठी पिले मोठी होईपर्यंत डालग्याखाली ठेवावीत. चिमण्यांचे म्हणाल, तर त्या आणि शिक्रे पिढ्यान्‌पिढ्या एकाच गावात नांदत आले आहेत. चिमणीला घरट्यासाठी वळचण लागते; ती आपल्या नव्या घरांत उरली नाही. तो दोष शिक्र्याच्या माथी कशाला?

आपला पावशा दिसायला थेट शिक्र्यासारखा असतो. त्याला पाहून लहान पाखरे घाबरतात आणि दगड मारणाऱ्या मुलांचीही फसगत होते. ‘पेरते व्हा’ म्हणणाऱ्या पाखराला दगड मारणे कोणाला रुचेल?

मार्च ते जून हा शिक्र्याच्या विणीचा काळ. मादी तीन-चार अंडी घालते. ती उबविण्याचे काम मुख्यतः तिचे. नर भक्ष्य आणून देतो. सुमारे तीन आठवड्यांनी पिले बाहेर येतात व आणखी महिनाभरात उडू लागतात. म्हणजे पावसाळा लागेपर्यंत घरटे बहुधा रिकामे होईल. एवढी कळ आपण काढू शकणार नाही का?

अकोले तालुक्याचा डोंगराळ पट्टा सोडला, तर आपला नगर जिल्हा, म्हणजे आताचा अहिल्यानगर, कमी पावसाचा. उघड्या माळावर मोठी झाडे विरळ; तेव्हा गावातले निंब, चिंचा आणि आंबे हाच या पक्ष्याचा आसरा. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला मारणे किंवा त्याचे घरटे मोडणे हा गुन्हा आहे.

माझ्या दोनच विनंत्या आहेत. पिले उडेपर्यंत निंबाची छाटणी करू नये. आणि उंदरांसाठी विषाच्या गोळ्या टाकू नयेत, सापळा लावावा. कारण विष खाल्लेला उंदीर शिक्र्याने पिलांना भरविला, तर घरटेच्या घरटे दगावेल.

निंबावरचे ते घर आई होऊ घातलेल्या एका जिवाचे आहे. मंडळ योग्य तो निर्णय करील, अशी आशा व्यक्त करून मी आपली रजा घेते.